झरीच्या तंबूतले दोन स्पीकर

बाभुळगाव
१२ नोव्हेंबर २००५

गफ्फार,

सव्वीस वर्षांनी माझं अक्षर पाहून नवल वाटेल तुला. मी विठ्ठल, सदाशिवरावांचा मुलगा, आपल्या टुरिंग टॉकीजवाला. तुझा पत्ता बाबूसिंगनं दिला. तो इथल्या जिनिंगमधून ट्रकनं कापसाच्या गाठी नेतो. म्हणाला, गफ्फार मिस्त्री आता पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो, पांढरकवड्याला बसस्टँडच्या मागं दुकान आहे. तुझ्या मुलाचा, रिजवानचा, फोन नंबरही त्यानं दिला होता. मी दोनदा फिरवला आणि घंटी वाजायच्या आत ठेवून दिला.

काम असं आहे. तंबूतले ते दोन मोठे स्पीकर अजून माझ्याकडे आहेत. खेळ बंद पडल्यापासून गोठ्याच्या माळ्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांखाली पडून होते. दिवाळीत माझ्या मुलीनं, सुरभीनं, ते खाली काढले. लाकूड शाबूत आहे. समोरचं कापड तेवढं उंदरांनी खाल्लं. तिच्या भावानं, पियुषनं, कोणाचा तरी दोनशे वॉटचा ॲम्प्लिफायर आणून लावला. मिनिटभरात एका स्पीकरच्या आतला कागद असा फडफडला की मी धावत जाऊन पिन उपटली. पियुष म्हणाला, "बाबा, भंगार आहे हे." मी म्हटलं, "भंगार नाही. जोडी चुकली."

जिनिंगच्या आवारात कापसाची खरेदी सुरू झाली आहे. गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जाते. माणसं तीन-तीन दिवस गाडीखाली बसून असतात. यंदा कापसाचा भाव कसा पडला ते तू तिकडे पाहतच असशील. कोणी कोणाशी धड बोलत नाही. सुरभीचं म्हणणं, संध्याकाळी तासभर गाणी लावू, माणसं जरा मोकळी होतील. या स्पीकरांना शोभेल असा ॲम्प्लिफायर, पूर्वीसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा, तू बनवून देशील का?

आयशावहिनींना आणि मुलांना विचारलं म्हणून सांग.

विठ्ठल


पांढरकवडा
२३ नोव्हेंबर २००५

विठ्ठलभाऊ, सलाम.

तुमचं पत्र आलं तवा मी बोअरची मोटार उघडून बसलो होतो. हात वार्निशचे, म्हणून आयशाबीनं वाचून दाखवलं. नाव ऐकल्याबरोबर मी हातातला पाना खाली ठेवला. वाटलं, इतक्या वर्षांनं जाब इचाराले आले का काय. पण तुम्ही तर स्पीकरचं लिहिलं. दोघंही जिते आहेत हे आयकून लय बरं वाटलं.

पियुषले सांगा, त्याचा ॲम्प्लिफायर खराब नाही अन् आपले स्पीकरबी खराब नाहीत. त्या काळचा कागद हलका, चुंबक जबरदस्त. दहा-बारा वॉटमधे आपन चारशे मानसाचा तंबू भरत होतो. दोनशे वॉट म्हनजे म्हाताऱ्या मानसाले हात धरून पळवल्यासारखं झालं. त्याईले जोर नाही लागत, नरम हात लागते.

आधी तपासनी करा. वायरी काढू नका, जशा आहेत तशाच राहू द्या. मीटर ओहमवर ठेवा अन् वायरीच्या दोन्ही टोकाले लावा, आकडा लिहा. मंग टॉर्चचा एक सेल घ्या. लाल वायर सेलच्या वरच्या टोकाले, काळी बुडाले, जरासं टेकवा. कागद भाईर येते का अंदर जाते ते पाहा. दोन्ही स्पीकर एकाच बाजूनं हलले पाह्यजेत. एक भाईर अन् एक अंदर असन तर ते एकमेकाचा आवाज खातात.

ॲम्प्लिफायर मात्र मी नाही बनवत. मोटारी भरतो, स्टार्टर पाहतो. आवाजाच्या मशीनले त्या दिवसापासून हात लावला नाही. काहून, ते तुमाले ठाऊक आहे. यवतमाळले कोनी भेटते का पाहा.

गफ्फार


बाभुळगाव
४ डिसेंबर २००५

गफ्फार,

सुरभीनं तू लिहिलं तसं सगळं केलं. मीटरवर एकाचा आकडा बारा, दुसऱ्याचा साडेबारा. सेल टेकवला तेव्हा डावीकडचा कागद बाहेर आला आणि उजवीकडचा आत गेला. तिनं उघडून पाहिलं, तर उजव्या स्पीकरला लाल वायर काळीच्या जागी आहे. त्या वायरी शेवटच्या खेळापासून तशाच होत्या, कोणी हात लावलेला नाही. आता तिनं ती नीट केली.

यवतमाळला मी विचारून आलो. व्हॉल्व्ह म्हटलं की माणसं हसतात. हे काम तुझ्याशिवाय कोणाचं नाही. झरीचं जुनं आता विसरून जा, गफ्फार. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. त्या गोष्टीचं मला काही वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

रांग वाढतेच आहे. काल ग्रेडरनं एकाचा कापूस ओला म्हणून परत पाठवला. तो माणूस गाडी वळवेना, नुसता बैलांच्या मध्ये उभा राहिला. शेवटी दुसऱ्यांनी गाडी वळवून दिली.

विठ्ठल


पांढरकवडा
१९ डिसेंबर २००५

विठ्ठलभाऊ,

सुरभी हुशार आहे. मीटरवर बारा म्हनजे चालता स्पीकर पंधरा ओहमचा बसते. दोन्ही शेजारी-शेजारी जोडले की साडेसात, म्हनजे ट्रान्सफॉर्मरच्या आठ नंबरवर बरोबर बसन.

तुम्ही लिहिलं, विसरून जा. तुमचं मन मोठं आहे. पन मी विसरलो नाही. आज लिहूनच टाकतो.

तुमचे वडील म्हनत होते, ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नागपूरहून नवा आनू. मीच म्हटलं, कायले आनता, मी तार गुंडाळून बनवतो. चोवीस वर्षाचा होतो, अंगात मस्ती होती. अकरा दिवस लागले. महिनाभर कसा घंटीसारखा वाजला! मंग तो फेब्रुवारीचा झरीचा बाजार. मी परोजेक्टरच्या दिव्याचे कार्बन आनाले पांढरकवड्याले गेलतो. बस लेट झाली. आलो तवा तंबू गच्च भरला होता, तुम्ही म्हटलं, गानी राहू द्या, सरळ खेळ सुरू करा. पडद्यावर चित्र आलं अन् आवाजच नाही. मंग शिट्ट्या, मंग गोटे. कनात फाडली लोकाईनं. तिकिटावरच्या धरमसिंगचं डोकं फुटलं, सात टाके पडले. मालकानं सगळ्या लोकासमोर माह्या थोबाडीत मारली. मी म्हटलं, "मालक, माह्या हाताचा दोष आहे." तुम्ही बाजूले मान खाली घालून उभे होते. मले वाटलं, माह्यापायी तुमाले खाली पाहा लागलं.

तवा नागपूरच्या एका मोठ्या टॉकीजचं बोलावनं माह्या खिशात होतं. गेलो नाही. ज्याले तंबूचा आवाज सांभाळता आला नाही, तो टॉकीजचा काय सांभाळनार? तुमचा खेळबी त्याच साली बंद पडला. ते माह्यामुळं झालं. मले माफ करा, विठ्ठलभाऊ. तोंडानं सांगाची हिंमत नाही झाली, कागदावर सांगतो.

एक गोष्ट मात्र मले आजवर समजली नाही. तो जळका ट्रान्सफॉर्मर मी संग आनला होता, पुरा उकलून पाह्यला. माह्ये जोड साफ होते. ठिनगी गुंडाळीच्या अंदर, तारेच्या थरातून थरात उडालती. अशी कवा उडते, तं स्पीकर जोडले नसतानी आवाज पुरा चढवला तर. जोराले जाले जागा नाही भेटत, मंग तो अंदरच फुटते. पन स्पीकर तर जोडले होते. मी डोळ्यानं पाह्यलं. अन् आता सुरभी म्हनते, एक वायर उलटी. मी दरवेळी सेल लावून जोडत होतो. उलटी कशी झाली असन? का माह्याच हातून झालं, अन् मले आठवत नाही?

असो. ॲम्प्लिफायर मी बनवतो. लोखंडाच्या पट्ट्या काढून ठेवल्या, व्हॉल्व्ह चंद्रपूरच्या एका जुन्या रेडिओवाल्याकडं भेटले. तेवढंच माह्या मनावरचं ओझं उतरन.

गफ्फार


बाभुळगाव
३० डिसेंबर २००५

गफ्फार,

तुझं पत्र मिळालं. ॲम्प्लिफायरचं राहू दे. सुरभीची परीक्षा आहे, पियुषलाही वेळ नाही. उगाच त्रास घेऊ नकोस. स्पीकर मी पुन्हा माळ्यावर ठेवतो. झालं गेलं ते तू मनातून काढून टाक, तुझा काही दोष नाही.

थंडी फार आहे. तब्येत सांभाळ.

विठ्ठल


पांढरकवडा
११ जानेवारी २००६

विठ्ठलभाऊ,

समजलो. मी सगळं खरं लिहिलं अन् तुमचा माह्या हातावरचा भरोसा उडाला. उडनारच. दोष नाही म्हनता, पन काम नको म्हनता.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून झाला होता. बावीस दिवस लागले. आयशाबी म्हने, "त्याईले नको तर ठेवून द्या." मी खोक्यात घालून मोटारीच्या सामानामागं ठेवून देल्ला. माह्याकडून तुमाले एकदा लिहाचं होतं, लिहिलं. आता लिहिनार नाही.

गफ्फार


बाभुळगाव
२० जानेवारी २००६

गफ्फार,

हे पत्र फाडू नकोस. एकदा वाच, मग काय करायचं ते कर.

ट्रान्सफॉर्मर तू जाळला नाहीस. मी जाळला.

त्या दिवशी तू कार्बन आणायला गेलास, तेव्हा झरीच्या पोलीस पाटलाच्या घरी साखरपुडा होता. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता, पण त्याचा आवाज अंगणाबाहेर जात नव्हता. मी रुबाबात म्हटलं, "थांबा, आमच्या टॉकीजचे स्पीकर आणतो." वायरी सोडल्या, दोन्ही स्पीकर बैलगाडीत घातले आणि नेले. त्या कार्यक्रमाला शकू आली होती, पाटलांची भाची. ती मला दिसावी आणि मी तिला दिसावं, म्हणून तर ती सगळी धडपड. गाणी वाजली, लोकांनी वाहवा केली.

चारच्या सुमाराला स्पीकर परत आणून जागेवर ठेवले. तू येण्याआधी सगळं ठीक आहे ना पाहावं, म्हणून ॲम्प्लिफायर सुरू केला आणि तंबूतली रेकॉर्ड लावली. आवाज येईना. मी बटण वाढवत गेलो, पार शेवटपर्यंत. मला वाटलं सुईत कचरा आहे. सुई पुसली, परत ठेवली, दुसरी रेकॉर्ड लावली. सहा-सात मिनिटं तरी झाली असतील. मग जळका वास आला. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. वायरी जमिनीवर पडल्या होत्या. स्पीकर जोडलेच नव्हते.

मी घाईघाईनं हाताला येईल तशा वायरी जोडल्या. ती उलटी वायर माझी आहे, गफ्फार. वास जावा म्हणून कनात वर करून ठेवली. बस उशिरा आली तेव्हा मी मनात देवाचे आभार मानले, कारण लवकर आला असतास तर तू आधी गाणी लावली असतीस. "गाणी राहू द्या" मी त्यासाठीच म्हटलं. कदाचित खेळाच्या वेळी चालेल, अशी खुळी आशा होती.

वडिलांनी तुला मारलं तेव्हा मी चार हातांवर होतो. तू म्हणालास, "माह्या हाताचा दोष आहे." एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मला वडिलांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त याची की पाटलांच्या घरी कळेल. तीन महिन्यांनी शकूशी माझं लग्न झालं. तुला पत्रिका पाठवली नाही.

वडील आजारी होते तेव्हा एकदा म्हणाले, "त्या पोरावर मी हात उचलायले नको होता." मी त्यांचे पाय चेपत होतो. चेपतच राहिलो.

गाणी साध्या टेपरेकॉर्डरवरही लावता आली असती. मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि त्यासाठी निमित्त शोधलं. ठरवलं होतं, दोन-तीन पत्रांनंतर सांगू. तर तूच माझी माफी मागितलीस. ते वाचून मी घाबरलो, आणि ॲम्प्लिफायर नको असं लिहून पुन्हा तेच केलं जे झरीला केलं होतं.

तू जोड तपासत राहिलास. नागपूरला गेला नाहीस. मी इथं लग्न केलं, शेत केलं, दोन मुलं वाढवली. आता माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही, म्हणून लिहीत नाही. तुझा हात चांगला होता एवढंच लिहितो. तेव्हाही आणि आताही.

विठ्ठल


पांढरकवडा
१२ फेब्रुवारी २००६

विठ्ठलराव सदाशिवराव यांस,

बाबूसिंगच्या ट्रकनं ॲम्प्लिफायर पाठवला आहे. चार व्हॉल्व्ह वेगळे कापसात बांधले आहेत. जसे नंबर टाकले तसे बसवावे.

पहिले दोन्ही स्पीकर आठ नंबरवर जोडावे, मंग वीज द्यावी. बंद करतानी पहिले वीज, मंग स्पीकर. मधात कवाच काढू नये. जोडनी सुरभीनं करावी.

गरम झाला म्हनून वर कापड टाकू नये. माइकची जागा डाव्या बाजूनं आहे.

गफ्फार


बाभुळगाव
२६ फेब्रुवारी २००६

गफ्फार,

बाबूसिंगनं पेटी स्वतः मांडीवर धरून आणली, क्लीनरला ट्रक चालवायला दिला होता. जोडणी सुरभीनंच केली. मी हात लावला नाही.

आधी घरचं सांगतो. शकूला मी सगळं सांगितलं. ऐकून ती ताटावरून उठून गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतं तर लग्न मोडलं नसतं. मीच तुम्हाला झरीला खरं सांगायला घेऊन गेले असते." पियुष जेवताना माझ्याकडे पाहत राहिला.

मग गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता जिनिंगच्या फाटकाबाहेर टेबल मांडलं. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा स्पीकर. सुरभीनं गाणं लावलं. गफ्फार, मी काही जाणकार नाही. पण बासरीवाल्यानं श्वास घेतलेला ऐकू आला. मधे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली, तीही गाण्यात मिसळून गेली. पन्नास गाड्या पलीकडचा माणूस उठून उभा राहिला. पियुषनं मान हलवली आणि म्हणाला, "बाबा, हा तर बारा वॉटच आहे ना?"

दोन गाणी झाली आणि मी माइक घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "हा ॲम्प्लिफायर पांढरकवड्याच्या गफ्फार मिस्त्रीनं बनवला. सव्वीस वर्षांपूर्वी झरीच्या बाजारात आमच्या टॉकीजचा आवाज बंद पडला होता. आळ त्याच्यावर आला, चार लोकांत त्यानं मार खाल्ला. चूक माझी होती. मशीन मी जाळलं आणि गप्प बसलो."

मला वाटलं होतं सगळं शांत होईल. तसं काही झालं नाही. एकानं विचारलं, "म्हणजे आता गाणं बंद काय?" दुसरा म्हणाला, "काका, भाषण पुरे, लावा ना." कोणीतरी हसलंही. त्यांचे तीन दिवसांचे हाल चालले होते, माझ्या सव्वीस वर्षांचं त्यांना काय? मी माइक खाली ठेवला. मागं वळून पाहिलं तर शकू फाटकाजवळ उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही.

फक्त बाबूसिंग माझ्याजवळ आला. म्हणाला, "मिस्त्रीचं नाव मीच तुमाले सांगतलं होतं. हे मले आधी काहून नाही सांगतलं?" मी म्हटलं, "कोणालाच सांगितलं नव्हतं." तो वळून ट्रककडे गेला.

रोज तासभर गाणी लावतो आहोत. एवढंच कळवायचं होतं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

विठ्ठल


पांढरकवडा
१५ मार्च २००६

विठ्ठल,

"भाऊ" लिहाले गेलो अन् पेन थांबला. मंग म्हटलं, राहू द्या.

तुह्यं जानेवारीचं पत्र वाचलं तवा मी सहा दिवस दुकान उघडलं नाही. आयशाबीले वाटलं ताप आला. मले राग आला होता. तुह्यावर आला, तुह्या बापावर आला, अन् सगळ्यात जास्त माह्यावर आला. माह्ये जोड साफ होते हे मले दिसत होतं. तरी मी माह्या डोळ्यावर नाही, त्या थोबाडीवर भरोसा ठेवला. मंग ते खोकं काढलं, ॲम्प्लिफायर पुरा केला. तुह्यासाठी नाही. त्या स्पीकरचा काय दोष होता?

बाबूसिंग दुकानात आला अन् चार गिऱ्हाइकासमोर पुरी गोष्ट सांगतली. कोनी काय म्हटलं, कोन हसलं, सगळं. माह्ये पोरं रिजवान अन् अय्याज दोघंबी होते. अय्याजनं इचारलं, "अब्बा, तुम्ही आवाजाचं काम करत होते?" पोरं इतकी मोठी झाली, मी त्याईले कवा सांगतलंच नव्हतं. मी हातातली मोटार पुसत राह्यलो. आयशाबीनं सांगतलं, नागपूरच्या बोलावन्याचंबी सांगतलं. ते पत्र तिनं अजून पेटीत ठेवलं आहे, हे मले त्या दिवशी समजलं.

माफ केलं असं लिहाले मी दोनदा कागद घेतला. नाही लिहू शकलो. लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, अन् आपल्यात एक खोटं लय दिवस चाललं. नागपूर गेलं ते गेलं. ते तू माइकवर बोलून वापस येत नाही. पन तू बोलला, हे मी धरून आहे.

आजकाल सांजच्याले अय्याज दुकानात थांबते. मी गुंडाळतो, तो फेरे मोजते. एका शाळेचा जुना रेडिओ आला आहे, तो उघडून बसलो आहो.

खरेदी संपली की ये. शकूवहिनीले संग आन. मी काय बोलीन, बोलीन का नाही, ते आता सांगता येत नाही. पन आयशाबीनं सांगतलं आहे, जेवल्याशिवाय जाऊ द्याचं नाही.

गफ्फार